सत्तर टाक्यांची टोपी

बाळंतविडा विणायचा म्हटलं की आपल्या हातांना कोण उत्साह येतो! मोरपंखी लोकर, जाळीची वीण, टोपड्याला सॅटिनची रिबीन आणि वर पांढरा गोंडा. झबलं, मोजे, दुपटं, सगळं एका रंगात. बारशाच्या दिवशी ताटात मांडलं की चार बायकांनी हात लावून ‘कुणी विणलं हो?’ म्हणून विचारलंच पाहिजे. मीही त्यातलीच. नात्यातल्या, शेजारच्या, ह्यांच्या ऑफिसातल्यांच्या मुलाबाळांसाठी मिळून पंचवीस-तीस बाळंतविडे तरी विणले असतील मी. पण मैत्रिणींनो, बाळ जन्मल्या दिवशी त्याच्या डोक्याला नीट बसेल अशी टोपी मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत एकदाही विणली नव्हती. तुम्ही विणली आहे का? जरा आठवून पाहा.

ह्याला कारण आपली रीत. बाळ सुखरूप हाती येईपर्यंत त्याचं काही आणू नये, काही करू नये. आमच्या सासूबाई ह्या बाबतीत फार कडक. १९८१ च्या जानेवारीत थोरल्याचा जन्म झाला. त्याआधी दिवाळीत मी आपली हौसेनं एक मोजा विणायला घेतला, तर त्यांनी सुया माझ्या हातातून काढून घेऊन माळ्यावर टाकल्या. ‘आधी बाळ, मग टाके,’ एवढंच म्हणाल्या. मी रात्रभर धुमसत होते. त्यांची पहिली दोन मुलं गेली होती, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेसुद्धा त्यांच्याकडून नाही, आत्येसासूबाईंकडून.

तेव्हा जन्मलेल्या बाळाला काय मिळायचं? जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं आणि त्याच लुगड्याचं हातशिलाईचं टोपडं. काही वाईट नव्हतं हो ते, उलट अंगाला फार सुखाचं. लोकर निघायची ती नंतर, बारशासाठी. आणि बारशाचं टोपडं आपण विणतो ते ‘जरा मोठंच असू दे, चार महिने जाईल’ ह्या हिशोबानं. घरातले बारशाचे जुने फोटो काढून बघा. निम्म्या बाळांचे डोळे टोपड्यात गडप झालेले दिसतील.

सुनेला दिवस गेले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या, तरी मी डोहाळजेवण होईपर्यंत सुयांना हात लावला नाही. नंतर मात्र राहवेना. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की दार लोटून विणत बसायची आणि संध्याकाळी कपाटात साड्यांच्या खाली ठेवून द्यायची. फिकट पिवळं टोपडं, जाळीची वीण, काठाला शिंपल्यांची नक्षी, हनुवटीखाली बांधायला रिबीन, डोक्यावर गोंडा. माझ्या मते ते माझं आजवरचं सगळ्यांत सुरेख काम होतं.

डिसेंबर २०२२. सूनबाई पुढच्या आठवड्यात बाळंतपणासाठी माहेरी नागपूरला जायच्या होत्या, तिकिटं काढून झाली होती. आणि एका पहाटे पोटात दुखू लागलं. चौतिसावा आठवडा चालू होता. दुपारी बारा-सव्वाबाराला नात झाली. वजन १ किलो ८०० ग्रॅम.

अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, असं डॉक्टर मानतात. ही तर त्याहूनही कितीतरी खाली. काचेतून बघितलं तर माझ्या दोन तळहातांत मावेल एवढा जीव, वरून उष्णता सोडणाऱ्या यंत्राखाली उघडाच निजवलेला. नाशिकचा डिसेंबर तुम्हाला ठाऊक आहेच. बाहेर आम्ही शाली गुंडाळून बसलेलो आणि ही आत उघडी! माझ्या पोटात कालवलं. मी घरी धावले, कपाटातून ते पिवळं टोपडं काढलं, कागदात गुंडाळून घेऊन आले आणि सिस्टरच्या हातात दिलं.

सिस्टर वयानं माझ्या मुलीसारखी. तिनं टोपडं हातात घेऊन उलटसुलट केलं, आत मूठ घालून बघितली. ‘आजी, छान विणलंय हो. पण हे चालणार नाही.’

‘का बरं?’

‘मोठं आहे, नाकावर येईल. रिबीन गळ्याशी नको. गोंड्याची लोकर सुटून तोंडात जाईल. आणि ही भोकं बघा, ह्यातून ऊब राहील का? आत्ता ती यंत्राखाली आहे, टोपीची गरज नाही. पण उद्या तिला आईच्या छातीशी द्यायचंय, तेव्हा लागेल. अगदी साधी करा. कान झाकतील अशी, घट्ट बसणारी पण आवळणारी नको. उद्या सकाळी आणाल?’

मला राग आला. लपवत नाही तुमच्यापासून. पंचेचाळीस वर्षं सुया चालवणाऱ्या बाईला ही कालची पोर विणकाम शिकवते! पण बोलायची ती वेळ नव्हती. ‘डोकं केवढं आहे तिचं?’ म्हणून विचारलं. सिस्टरनं कागद बघून सांगितलं, साडेतीस सेंटिमीटर. दिवस भरलेल्या बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतं. हे आकडे मला त्या दिवशी कळले. इतकी वर्षं मी ‘लहान बाळाला नव्वद टाके’ एवढ्या एका मंत्रावर सगळ्यांची डोकी झाकत आले होते.

जाता जाता सिस्टरला विचारलं, टोपीचं एवढं काय? तिनं दोन वाक्यांत सांगितलं ते अजून लक्षात आहे. नव्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, आणि ते बहुधा उघडंच राहतं, म्हणून ऊब तिथून निघून जाते. त्यातून दिवस न भरलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नाही, त्याला आपल्यासारखं कुडकुडून ऊबही आणता येत नाही. बाळाचं अंग साडेछत्तीस अंशांच्या खाली उतरलं की ते गार पडायला लागलं असं समजायचं. मग ते दूध नीट ओढत नाही, दमतं, आणि वजन वाढण्याऐवजी उतरतं.

रात्री मुलगा दवाखान्यात थांबला. मी घरी आले, जेवणाचं नाव काढलं नाही आणि दिव्याखाली बसून ते टोपडं उसवायला घेतलं. दुसरी लोकर घरात नव्हती असं नाही. पण तीच हवी, असा एक हट्ट मनानं घेतला होता. गोंडा कापला. रिबीन ओढून काढली. शिंपल्यांची नक्षी सुटायला लागली तेव्हा हे म्हणाले, ‘अगं, एवढी मेहनत केलीस ती...’ मी म्हटलं, ‘गुंडा धरा.’

आता ती टोपी सांगते. जिला सुलट आणि उलट हे दोनच टाके येतात, तिलाही जमेल.

सुया १० नंबरच्या. नव्या पाकिटांवर सव्वातीन मिलिमीटर लिहिलेलं असतं. लोकर चार पदरी, बाळासाठी मिळते ती मऊ. गालाला लावून बघा, तुम्हाला टोचली तर त्याला टोचणारच. पंचवीस ग्रॅम पुरते. ह्या लोकरीचे ह्या सुयांवर दहा सेंटिमीटरांत २८ टाके बसतात. पण माझा हात घट्ट, तुमचा सैल असेल, म्हणून आधी हातभर नाही पण बोटभर तरी तुकडा विणून टेपनं मोजा. ह्याचा मला स्वतःला फार कंटाळा आहे, आणि तो न मोजल्यामुळे फसलेली दोन स्वेटरं अजून ट्रंकेत आहेत.

भरल्या दिवसांच्या बाळासाठी ८४ टाके. ते दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर घाला आणि मग एक सुई ओढून घ्या, म्हणजे काठ सैल येतो. आपल्या टोप्या कपाळावर वळ उमटवतात ना, ते सगळं ह्या घट्ट काठामुळे. एक सुलट एक उलट अशा दहा ओळी विणा. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असं सुरुवातीपासून नऊ सेंटिमीटर भरेपर्यंत. आता टाके कमी करायचे. दहा टाके सुलट विणून पुढचे दोन एकत्र विणा, पुन्हा दहा सुलट, दोन एकत्र, असं ओळभर सात वेळा. ७७ टाके उरतील. परतीची ओळ नुसती उलट. पुढच्या सुलट ओळीत नऊ टाके आणि दोन एकत्र, मग परत उलट ओळ. त्यापुढे आठ आणि दोन. सुलट ओळीत असा एकेक टाका घटवत गेलं की शेवटी चौदा उरतात. हातभर लोकर ठेवून कापा, जाड सुईत ओवून चौदाही टाक्यांतून घाला आणि ओढून आवळा. उरलेल्या लोकरीनं मागची शिवण. ही शिवण काठाला काठ भिडवून चपटी घाला. दुमडून शिवली तर बाळ त्या दोरीएवढ्या जाडीवर डोकं ठेवून झोपणार. लोकरीची टोकं आतून पाच-सहा टाक्यांत नीट लपवा. झाली टोपी. रिबीन, बटण, गोंडा, मणी काही नाही.

त्या रात्री मी ८४ च्या जागी ७० घातले. नऊऐवजी साडेसात सेंटिमीटर सरळ विणलं, आणि कमी करायला लागले ती आठ टाके आणि दोन एकत्र इथपासून. उसवलेली लोकर कुरळी होते, सुईवर उड्या मारते. डोळ्यांतही पाणी येत होतं, ते काय दिव्यानं म्हणा. साडेबाराला शिवण पुरी झाली. गरम पाण्यात धुऊन, पंचात दाबून पाणी काढलं, पिळली नाही, आणि पंखा लावून त्याखाली वाळत टाकली. थंडीत पंखा, म्हणून हे पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपले. टेबलावर ती एवढीशी टोपी बघितली आणि प्रथमच भीती वाटली. वाटलं, मोठ्या लिंबाएवढ्या जागेला आपण टोपी घालायला निघालो आहोत.

सकाळी सिस्टरनं टोपी घेतली, आत मूठ घालून बघितली, काठ ताणून सोडला, तर तो पुन्हा मूळ मापावर आला. ‘आता कसं!’ म्हणाली. राग कुठल्या कुठे गेला माझा.

दुपारी नातीला आईच्या छातीशी दिलं. अंगावर फक्त लंगोट, पायात मोजे आणि डोक्यावर ती टोपी. बाकी कातडीला कातडी, वरून आईचा गाऊन आणि शाल. ह्याला कांगारू पद्धत म्हणतात; कांगारूची मादी पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवते, तसं. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमाराला डॉक्टर एडगर रे सानाब्रिया ह्यांनी ती सुरू केली. दवाखान्यात बाळं पुष्कळ आणि ऊब देणारी यंत्रं कमी, ह्या अडचणीतून. पुढे असं दिसून आलं की अडचणीपोटी निघालेला हा उपाय चांगलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं की दिवस न भरलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर असं छातीशी घ्यावं, आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास, जमेल तितकं.

चोवीस तास! ओली बाळंतीण किती बसणार? पहिल्या दिवशी सूनबाई चार तासांत थकल्या. विहीणबाई नागपूरहून निघालेल्या, पण वाटेत. मुलानं शर्टाची बटणं काढली आणि घेतलं पोरीला. आमच्या काळी बाप बारशापर्यंत बाळाला हात लावायला भ्यायचा, आणि हा छातीवर घेऊन दोन तास हलला नाही. नंतर त्याचीही मान आखडली. तेव्हा सिस्टर माझ्याकडे वळली. ‘आजी, तुम्ही घेता? सर्दी-खोकला नाही ना? हातपाय धुऊन या.’

मैत्रिणींनो, ह्या वयात, परक्या जागी, पडद्याआड का होईना, पोलक्याचे हूक काढायचे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण ते क्षणभरच. तिला माझ्या छातीवर उभी निजवली, मान एका बाजूला वळवली, वरून शाल बांधली. हनुवटीखाली माझी टोपी. मी स्वतः विणलेले टाके मला हनुवटीनं मोजता येत होते. तिचा श्वास लहानसा, भरभर, मध्येच थबकणारा. थबकला की माझाही थबकायचा. मग मी मुद्दाम सावकाश श्वास घेत राहिले. दीड तासानं सिस्टरनं काखेत थर्मामीटर लावून बघितला. छत्तीस पॉइंट आठ. ‘तुमची ऊब चांगली आहे आजी,’ म्हणाली. एवढं कौतुक माझ्या एकाही बाळंतविड्याचं झालं नव्हतं.

सोळा दिवसांनी नात घरी आली. घरी आल्यावरही अडीच किलो होईपर्यंत छातीशी धरणं चालू होतं. आम्ही तिघी-चौघं पाळ्या लावत होतो. विहीणबाई रात्रीच्या, मी दुपारची. बाळाला गार लागतंय का हे बघायची युक्तीही तिथेच शिकलो. उलट्या हातानं आधी पोट आणि मग तळपाय चाचपायचे. दोन्ही गरम तर उत्तम. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर बाळ गारठलं आहे, छातीशी धरूनच डॉक्टरकडे न्या.

इथपर्यंत सगळं गोड झालं. पुढचं सांगायला जरा जड जातं.

फेब्रुवारी सरला, नातीनं बाळसं धरलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरात झोपवताना टोपी घालू नका. सूनबाईंनी त्याच दिवसापासून टोपी काढली. मला ते रुचेना. टाळू अजून भरलेली नाही, कानाला वारा लागेल, उघड्या डोक्याचं मूल कुणी पाळण्यात ठेवतं का? आणि खरं सांगू, मनात आलं की मी विणलेली आहे म्हणून काढते. तोवर ७० ची जाऊन ८४ ची झाली होती, त्याच पद्धतीची. मी एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. सूनबाई ‘हो आई’ म्हणायच्या आणि टोपी घडी करून ठेवायच्या.

मार्चातली दुपार. सूनबाई आंघोळीला गेलेल्या. नात पाळण्यात झोपलेली. मी हळूच टोपी काढली आणि घातली तिच्या डोक्यात, कान झाकून. मग बाहेर शेंगा फोडत बसले, आणि माझाही डोळा लागला.

सूनबाईंच्या हाकेनं जागी झाले. पोरीचं तोंड लालबुंद, मानेला घामाची धार, टोपी सरकून एका डोळ्यावर आलेली. ती रडतही नव्हती, नुसती मलूल पडली होती. सूनबाईंनी टोपी काढली, ओल्या फडक्यानं मान पुसली, पाजायला घेतलं. पाच-दहा मिनिटांत पोर टवटवीत झाली, काही झालं नाही. मग टोपी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, ‘आई, घामानं भिजली आहे, धुवायला टाका.’ वर एक शब्द नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

टोपी धुतली मी. दोरीवर घालताना सिस्टरचंच बोलणं डोक्यात फिरत होतं. ऊब डोक्यातून जाते म्हणून टोपी, तर मग उकडायला लागलं की जास्तीची ऊब जायची वाटही तीच की! आणि बाळाला काही ती आपल्या हातानं काढता येत नाही. मुलानं नंतर मला वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२२ मध्येच सांगितलं आहे की जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नाजूक बाळांचा अतिदक्षता विभाग सोडला, तर घरात बाळाला टोपी घालून झोपवू नये. छातीशी धरलेल्या बाळाची गोष्ट निराळी, त्याच्यावर आपला डोळा असतो. सकाळी गार वाऱ्यात बाहेर न्यायचं, डॉक्टरकडे न्यायचं, तेव्हा खुशाल घाला. घरात आलात की काढा.

म्हणजे ह्या टोपीचं आयुष्य किती, तर थोडे दिवस. आणि ते नेमके पहिले. बारशाच्या ताटात ती यायची तोवर तिचं मुख्य काम होऊन गेलेलं असतं, आणि मी पंचवीस-तीस वेळा त्यानंतरच पोचले होते.

आता मी विणते ती आधी. सातवा लागला की विणून, धुऊन, जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून होणाऱ्या आईच्या दवाखान्याच्या पिशवीत टाकायला देते. उन्हाळ्यात मऊ सुती दोऱ्याची. एखादीच्या सासूला चालत नाही. मग मी आग्रह करत नाही, आमच्या सासूबाई आठवतात. ‘तुम्हाला नको तर माझ्याकडे राहू दे, बाळ झालं की फोन करा,’ म्हणते.

आमच्या शेजारच्या घरी सुनेला आता सातवा संपत आला आहे. परवा तिला ८४ टाक्यांची टोपी दिली, निळसर पांढरी. तिनं ती मुठीवर घालून बघितली आणि इतकी हसली! त्याच लोकरीची ७० टाक्यांचीही एक विणली आहे. ती तिला दाखवलेली नाही. साड्यांच्या खाली ठेवली आहे, पिवळ्या टोपडाच्या त्या रिबिनीशेजारी.